थंडीत रोजची मोटरसायकल: आधी देखभाल, मग सुधारणा

दुचाकीस्वार:

गेली अकरा वर्षे मी बाराही महिने मोटरसायकलनेच कामावर ये-जा करतो. थंडी जवळ आली की ओळखीचे लोक मला हँडलच्या गरम मुठींविषयी, जादा दिव्यांविषयी आणि उंच काचेविषयी विचारू लागतात. टायरमधली हवा शेवटची कधी पाहिली, साखळी किती सैल आहे, ब्रेक ऑइल किती जुने आहे, हे विषय मात्र मी काढल्याशिवाय निघत नाहीत. माझ्या अनुभवाप्रमाणे थंडीमुळे गाडीत नवे बिघाड फारसे होत नाहीत, पण एरवी खपून जाणारे बिघाड थंडीत खपत नाहीत. अर्धवट चार्ज झालेली बॅटरी उकाड्यात इंजिन फिरवते, पहाटेच्या गारठ्यात फिरवत नाही. कोरडी पडलेली क्लच केबल उन्हाळ्यात फक्त जड लागते, थंडीत बधिर झालेल्या बोटांना ती ओढवतच नाही. म्हणून बसवण्याच्या वस्तूंकडे वळण्याआधी असलेल्या वस्तूंची चर्चा व्हावी, यासाठी हा धागा काढत आहे.

सुरुवात टायरपासून करतो. हवेचे तापमान ३० अंश असताना २९ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) दाब भरला आणि नंतर कधी पाहिलेच नाही, असे समजू. पहाटे तापमान ३ अंशांवर आले की त्याच टायरमध्ये सुमारे २५ पीएसआय उरतो. टायर कोठेही गळत नसतो. बंद जागेतला वायू थंड झाला की त्याचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात उतरतो, इतकेच. दुचाकीच्या नेहमीच्या दाबाला दर सहा-सात अंशांमागे एक पीएसआय, असा हिशोब लक्षात ठेवला तर चुकत नाही. दाब गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असतानाच मोजावा, कारण गाडीच्या पुस्तिकेत दिलेले आकडे थंड टायरचेच असतात. गाडी उबदार बंदिस्त जागेत उभी राहत असेल, तर तेथे अचूक भरलेला दाब बाहेरच्या गारठ्यात पुन्हा उतरतो, हेही विसरू नये.

टायरचे वयही पाहावे. बाजूच्या भिंतीवर डॉट या अक्षरांपुढील मजकुराच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असलेला पण जुना, कडक झालेला टायर थंड रस्त्यावर जितका घसरतो, तितका उन्हाळ्यात घसरलेला जाणवत नाही. नवा टायरसुद्धा थंडीत पहिली काही किलोमीटर पुरेशी पकड देत नाही, म्हणून मी सुरुवातीची वळणे मुद्दाम सावकाश आणि गाडी फारशी न कलवता घेतो.

इंजिन ऑइलविषयी थोडक्यात. तेलाच्या डब्यावरील १०डब्ल्यू-४० अशा प्रतीत डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते तेल थंडीत कमी घट्ट होते. इंजिन सुरुवातीला फिरवताना तेलाचा किती विरोध होतो, याची चाचणी ५डब्ल्यू तेलासाठी उणे ३० अंशांवर, १०डब्ल्यूसाठी उणे २५ अंशांवर आणि १५डब्ल्यूसाठी उणे २० अंशांवर घेतात. त्यामुळे जेथे पारा शून्याच्या फार खाली जात नाही, तेथे केवळ थंडी पडली म्हणून तेलाची प्रत बदलणे मला अनावश्यक वाटते. क्लच तेलात बुडालेला असेल तर डब्यावर जासो या जपानी मानकाची एमए किंवा एमए२ ही नोंद असलेले तेलच घ्यावे. मोटारींच्या काही तेलांतील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे असा क्लच घसरू शकतो.

रोजचे अंतर पाच-सहा किलोमीटरच असणाऱ्यांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. इंजिन पूर्ण तापण्याआधीच बंद होत राहिले, तर आत साठलेली वाफ बाहेर पडत नाही आणि तेल भरण्याच्या झाकणाखाली दुधी रंगाचा फेस दिसू लागतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग गाडी चालवली की तो बहुधा नाहीसा होतो. नाहीसा झाला नाही आणि गाडीला कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) असेल, तर कूलंट तेलात उतरत नाही ना, हे तपासून घ्यावे. उभ्या गाडीचे इंजिन दहा-दहा मिनिटे चालू ठेवणे हा त्यावरचा उपाय नाही, कारण तेल तापायला इंजिनावर भार लागतो.

मी काही चुकीचे लिहिले असेल तर कृपया दुरुस्त करावे, आणि साखळीविषयी जाणकारांनी लिहावे.

पानापक्कड:

साखळीवर मी लिहितो, कारण दुरुस्तीच्या कामात सर्वाधिक दुर्लक्षित भाग मला तोच दिसतो. आजच्या बहुतेक साखळ्यांमध्ये पिन आणि बुश यांच्या दरम्यान कारखान्यातच ग्रीस भरलेले असते आणि ते आत राहावे म्हणून दोन्ही बाजूंना बारीक रबरी कडी बसवलेली असते. बाहेरून आपण जे तेल देतो ते आतल्या पिनपर्यंत पोहोचतच नाही. ते रोलर आणि स्प्रॉकेटचे, म्हणजे साखळी ज्यावर फिरते त्या दातेरी चाकांचे, दात यांच्यासाठी असते, साखळी गंजू नये यासाठी असते, आणि त्या रबरी कड्या मऊ राहाव्यात यासाठी असते. हे एकदा समजले की काय करावे आणि काय टाळावे, हे वेगळे सांगावे लागत नाही. तारेच्या ब्रशने या कड्या फाटतात आणि पेट्रोलने त्या खराब होतात. कड्या गेल्या की आतले ग्रीस जाते, पाणी शिरते आणि साखळीचे काही दुवे आखडून बसतात. मी रॉकेल आणि मऊ ब्रश वापरतो, लगेच फडक्याने कोरडे करतो आणि मग वंगण देतो.

वंगण नेहमी फेरी मारून आल्यावर, साखळी कोमट असताना द्यावे. ते खालच्या बाजूच्या साखळीच्या आतल्या अंगाला द्यावे, म्हणजे चाक फिरताना ते आपोआप बाहेरच्या दिशेने पसरते. रात्रभर मुरू दिले तर दुसऱ्या दिवशी चाकावर शिंतोडे कमी उडतात. कोरड्या रस्त्यावर साधारण पाचशे किलोमीटरला एकदा आणि पावसातून किंवा चिखलातून आल्यावर प्रत्येक वेळी, एवढे केले तरी पुरे. एक कळकळीची विनंती अशी, की गाडी गिअरमध्ये टाकून, इंजिन चालू ठेवून साखळीला कधीही हात लावू नये. फडके दातांत अडकते आणि त्यामागोमाग बोटे ओढली जातात. चाक हातानेच फिरवावे.

आता ताण. खालच्या बाजूच्या साखळीच्या मध्यावर बोटाने वर-खाली करून खेळ मोजतात. रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांसाठी तो २० ते ३५ मिमीच्या दरम्यान सांगितलेला असतो, पण आपल्या गाडीचा आकडा आणि तो बाजूच्या की मधल्या स्टँडवर मोजायचा, हे दोन्ही पुस्तिकेतूनच घ्यावे. साखळी सर्व ठिकाणी सारखी झिजत नाही, म्हणून चाक थोडे थोडे फिरवून चार-पाच जागी मोजावे आणि जेथे ती सर्वांत ताठ लागते तेथे खेळ राखावा. पुष्कळ लोक सैल साखळीला भितात आणि ती ताठ करून ठेवतात. वास्तविक ताठ साखळी अधिक नुकसान करते, कारण मागचे चाक दणक्याने वर जाताना पुढचे स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचे चाक धरणाऱ्या हलत्या भुजेचा) खिळा आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत येतात आणि त्या क्षणी साखळीला सर्वाधिक लांबी लागते. ती न मिळाल्यास गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगवर जोर येतो. स्विंगआर्मवरच्या खुणांवर डोळे झाकून विसंबू नये. दोन्ही बाजूंना स्विंगआर्मच्या खिळ्यापासून अ‍ॅक्सलपर्यंतचे अंतर मोजून पाहावे, आणि अ‍ॅक्सलचा नट शेवटी टॉर्क पान्यानेच (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळावा.

पहाटवारा:

दोन्ही प्रतिसाद फार उपयोगी आहेत. माझ्या दोन शंका आहेत. पहिली अशी, की थंडीत पकड वाढावी म्हणून टायरची हवा चार-पाच पीएसआयने कमी ठेवावी, असा सल्ला मला एका सहप्रवाशाने दिला आहे. तो योग्य आहे का? दुसरी शंका जास्त त्रासाची आहे. महिन्यापूर्वी मी गरम मुठी बसवून घेतल्या. तेव्हापासून गाडी शुक्रवारी संध्याकाळपासून सोमवारी सकाळपर्यंत उभी राहिली, की सेल्फ मारल्यावर नुसता टकटक आवाज येतो आणि इंजिन फिरत नाही. बॅटरी ८ अँपिअर-तासांची आहे आणि वर्षभरापूर्वीच बदलली आहे. बसवून देणाऱ्याचे म्हणणे असे पडले, की थंडीत बॅटरी अशीच वागते आणि नवी घ्यावी लागेल.

दुचाकीस्वार:

हवेविषयी मी उत्तर देतो. वाळूत किंवा चिखलात हवा कमी करण्याला अर्थ आहे, डांबरी रस्त्यावर मी तो सल्ला मानणार नाही. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असली की हँडल जड होते, वळण घेताना गाडी आपल्या अंदाजापेक्षा उशिरा कलते आणि खड्ड्याच्या काठावर रिम वाकण्याचा धोका वाढतो. त्याहून महत्त्वाची बाब ओल्या रस्त्याची आहे. टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागण्याचा वेग साधारणपणे दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. दाब कमी केला की तो वेग खाली येतो. पुस्तिकेत दिलेला दाब थंड टायरमध्ये ठेवावा आणि पकडीची भरपाई वेग कमी करून करावी. बॅटरीविषयी तारजोड यांनी लिहावे, त्यांचा त्या विषयात हात बसलेला आहे.

तारजोड:

पहाटवारा, नवी बॅटरी घेण्याची घाई करू नये. आपण दिलेल्या माहितीवरून दोष बॅटरीत असण्यापेक्षा गाडी उभी असताना वीज गळत असण्याची शक्यता मला अधिक वाटते, आणि ती घरच्या घरी मल्टिमीटरने पडताळून पाहता येते.

प्रथम व्होल्ट मोजावेत. गाडी काही तास उभी राहिल्यावर शिसे-आम्ल बॅटरीच्या दोन टोकांत १२.६ ते १२.८ व्होल्ट मिळाले तर ती भरलेली आहे, १२.४ मिळाले तर साधारण पाऊण भरलेली समजावी आणि १२ च्या खाली गेले तर जवळजवळ रिकामी. मग इंजिन सुरू करून थोडा वेग वाढवून पुन्हा मोजावे. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला तर चार्जिंग ठीक आहे.

त्यानंतर गळती. किल्ली काढून घ्यावी, बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि मल्टिमीटर अँपिअरच्या सर्वांत मोठ्या मापावर ठेवून ती तार आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्या मध्ये जोडावा. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवू नये आणि सेल्फ तर मुळीच मारू नये, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. उभ्या गाडीत घड्याळ किंवा तत्सम कारणाने काही मिलिअँपिअर जाणे स्वाभाविक आहे. याहून बराच मोठा आकडा दिसला, तर एकेक फ्यूज काढून पाहत जावे. ज्याच्यामुळे आकडा खाली येतो, त्या वाटेवर दोष आहे. मुठींची तार थेट बॅटरीला जोडली असेल तर आधी तीच सोडवून पाहावी.

थंडीचा वाटा यात आहेच, तो नाकारण्याचे कारण नाही. शून्य अंशांच्या आसपास शिसे-आम्ल बॅटरीची उपलब्ध क्षमता साधारण एक पंचमांशाने घटते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन फिरवायला जास्त प्रवाह लागतो. पण भरलेली आणि निरोगी बॅटरी हा दुहेरी भार सोसते. रिकामी बॅटरी तशीच ठेवण्यात आणखी एक धोका आहे: डिस्चार्ज झाल्यावर आतले आम्ल पाण्यासारखे सौम्य होते आणि शून्याच्या काही अंश खालीच गोठून आवरण फोडू शकते, तर पूर्ण भरलेल्या बॅटरीतले आम्ल उणे ५० अंशांनाही गोठत नाही. ज्यांनी लिथियम बॅटरी बसवली आहे त्यांनी ती शून्याच्या खाली असताना चार्जरला लावू नये आणि तिच्यासाठी असलेलाच चार्जर वापरावा.

गरम मुठींच्या जोडणीबद्दल सर्वांसाठीच लिहितो. ३६ वॅटच्या मुठी १२ व्होल्टवर ३ अँपिअर ओढतात. हा प्रवाह मागच्या दिव्याच्या बारीक तारेतून घेऊ नये. बॅटरीपासून निघताच जवळच ५ अँपिअरचा फ्यूज, पुढे रिले (बारीक तारेतल्या विजेने चालू-बंद होणारा स्विच), आणि त्या रिलेला चालू करणारी बारीक तार किल्लीबरोबर सुरू होणाऱ्या मंडलाला, अशी रचना केली म्हणजे किल्ली काढताच मुठींचा वीजपुरवठा पूर्णपणे तुटतो. इंजिन मंद गतीवर असताना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालणारा वीजनिर्माता, फारच कमी वीज देतो, त्यामुळे गर्दीत रखडताना मुठी पूर्ण क्षमतेवर ठेवल्यास वीज बॅटरीतून जाते. मुठींसोबत गरम जाकीट आणि जादा दिवेही लावायचे असतील, तर आधी अल्टरनेटरची क्षमता आणि गाडीची स्वतःची गरज यांची वजाबाकी कागदावर करावी.

वाटसरू:

मी लांबच्या प्रवासाला जाणारा आहे, म्हणून गाडीपेक्षा स्वाराविषयी लिहितो. अमेरिका आणि कॅनडा यांनी २००१ साली स्वीकारलेल्या शीतवाऱ्याच्या (वाऱ्यामुळे प्रत्यक्ष जाणवणाऱ्या थंडीच्या) सूत्रात तापमान ५ अंश आणि वारा ताशी ८० किलोमीटर हे आकडे घातले, तर उत्तर सुमारे उणे ३ अंश येते. तापमान शून्य धरले तर सुमारे उणे १० येते. हे सूत्र पायी चालणाऱ्या माणसाच्या उघड्या चेहऱ्यावरून बांधलेले असल्यामुळे स्वाराला ते काटेकोरपणे लागू होत नाही, तरीही थर्मामीटर पाहून कपडे का चढवू नयेत, हे त्यावरून कळते.

वारा अडवणे हे पहिले काम आहे आणि जाड कपडे हे त्याच्या नंतरचे. अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारा पातळ थर, मधे लोकरी किंवा तत्सम ऊब धरणारा थर आणि वर वारा न शिरू देणारा थर असावा. सुती गंजी घामाने ओली झाली की ओलीच राहते आणि अंगातली ऊब ओढून घेते. मानेजवळची आणि मनगटाजवळची फट बुजवल्याने जेवढा फरक पडतो, तेवढा आणखी एक स्वेटर घालून पडत नाही. हातमोजे घट्ट नसावेत. आत दुसरा मोजा घालून बोटे आवळली गेली तर रक्त पोहोचत नाही आणि हात अधिकच गार पडतात. गरम मुठी हाताच्या तळव्याला ऊब देतात, बोटांच्या पाठीला वारा लागतच राहतो. म्हणून एकच सुधारणा करायची असेल, तर मी आधी हँडलवरचे वारारोधक बसवीन आणि मुठी नंतर. हा क्रम मी स्वतः उलटा केला होता आणि एक अख्खा मोसम बोटे बधिर करून घेतली. एका पहाटे समोरची गाडी थांबलेली दिसत असूनही ब्रेकचा लिव्हर मला वेळेवर दाबता आला नाही. शेजारी मोकळी जागा होती म्हणून निभावले. तेव्हापासून बोटे बधिर वाटू लागली की मी थांबतो, उशीर झाला तरी थांबतो.

हेल्मेटच्या काचेवर धुके जमण्यावर पिनलॉकसारखी आतून बसणारी दुसरी काच मला सर्वांत भरवशाची वाटते. दोन काचांमधला हवेचा थर आतली बाजू थंड होऊ देत नाही.

पानापक्कड:

वाटसरूंनी लिव्हरचा विषय काढला म्हणून ब्रेक ऑइलविषयी लिहितो. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही तेले हवेतले पाणी शोषतात, म्हणून साधारण दोन वर्षांनी ती बदलावीत. नव्या डॉट ४ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो आणि पाणी मुरलेल्या तेलासाठी ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ५ हे सिलिकॉनचे असते, नावातले साम्य पाहून ते यांत मिसळू नये. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबलींना थंडीपूर्वी तेल सोडावे आणि हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून इंजिनाचा वेग आपोआप वाढत नाही ना, हे पाहावे. गरम मुठी बसवल्यानंतर तर हे आवर्जून पाहावे, कारण त्यांची तार ॲक्सिलरेटर फिरवताना अडकू शकते.

कूलंट असलेल्या गाड्यांसाठी एक सूचना. निव्वळ इथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते, तर त्यात निम्मे पाणी मिसळले की गोठणबिंदू सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत खाली जातो. म्हणून पाणी न मिसळता घट्ट कूलंट ओतणे म्हणजे जास्त संरक्षण, हा समज चुकीचा आहे.

जेथे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, तेथे गाडी आल्याबरोबर गार पाण्याने धुवावी. गरम पाण्याने गंजण्याची क्रिया वेग घेते. धुतल्यावर ब्रेक दाबत एक छोटी फेरी मारून डिस्क कोरड्या कराव्यात आणि मग साखळीला वंगण द्यावे. गंजरोधक फवारा मारताना डिस्क आणि पॅड झाकून घ्यावेत. अशा प्रदेशात पुलांवर विशेष जपावे, कारण पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून वारा लागतो आणि त्यावरचा ओलावा बाकीच्या रस्त्याआधी गोठतो.

पहाटवारा:

सर्वांचे मनापासून आभार. काल मोजणी केली. इंजिन चालू असताना १४.२ व्होल्ट मिळाले, म्हणजे चार्जिंग ठीक आहे. किल्ली काढल्यावर गळती ६० मिलिअँपिअर निघाली. मुठींची तार सोडवल्याबरोबर ती ३ मिलिअँपिअरवर आली. मुठींचा नियंत्रक थेट बॅटरीला जोडलेला होता आणि त्याचे बटण बंद असले तरी तो आतून जागाच राहत होता. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ हे ६० तास धरले, तर ३.६ अँपिअर-तास त्यातच जात होते, म्हणजे ८ पैकी जवळजवळ निम्मी बॅटरी, आणि उरलेल्यातला वाटा थंडी घेत होती. आज तारजोड यांनी सांगितल्याप्रमाणे रिले आणि फ्यूज बसवले, बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवली आणि सकाळी सेल्फ पहिल्याच दाबाला लागला. तार बसवताना ॲक्सिलरेटर अडकत नाही, हेही हँडल दोन्हीकडे वळवून पाहिले. टायरमध्ये पुस्तिकेतल्यापेक्षा पाच पीएसआय कमी निघाले, ते भरून घेतले.

साखळी पाच जागी मोजली. एका जागी ३० मिमी खेळ आहे आणि समोरच्या जागी जेमतेम १५ मिमी. इतका फरक ताण बदलून भागण्यासारखा आहे, की साखळी आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावेत?

पानापक्कड:

१५ मिमीचा फरक ताणाने भागणार नाही. ताठ जागी खेळ राखला तर सैल जागी साखळी दातांवरून उडी मारण्याची भीती राहील. आखडलेले दुवे हाताने वाकवून पाहावेत, म्हणजे खात्री पटेल. साखळी आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावेत, कारण झिजलेले दात नवी साखळी लवकर ओढून टाकतात. मापाचा आकडा जुन्या साखळीच्या बाजूच्या पट्टीवर कोरलेला असतो, तो पाहूनच नवी मागवावी, आणि ती येईपर्यंत ताठ जागी पुस्तिकेतला किमान खेळ ठेवून गाडी सावकाश चालवावी.